निघणाऱ्याला टोकू नये

माझी नोकरी लोकांना टोकण्याची होती. हसू नका, खरंच सांगते. ग्वाल्हेरला नया बाजारात, साड्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर आमचं घर. त्या घराच्या मागच्या खोलीत बसून मी गुजरातच्या किनाऱ्यावरच्या बोटींना रोज सकाळी सांगत असे, आज जा, नाहीतर आज गुमान बसा. समुद्र आमच्यापासून किती लांब ते विचारूच नका. ग्वाल्हेरात पाण्याचं नाव काढलं की माणसाला नळाची वेळ आठवते, लाट नाही.

काम असं होतं. समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायच्या तर आधी तिथला वारा आणि तिथलं पाणी वर्ष-दोन वर्षं मोजावं लागतं. त्यासाठी खंबातच्या आखाताच्या तोंडाशी आमच्या कंपनीनं एक मोठा पिवळा बोया नांगरून ठेवला होता. त्याच्यावरचं एक यंत्र आकाशात प्रकाशाचे किरण सोडायचं आणि उद्या जिथे पाती फिरणार तिथे वारा कसा वाहतो ते सांगायचं. खालचं यंत्र लाटा आणि प्रवाह मोजायचं. आता यंत्र म्हटलं की ते बिघडणार. बिघडलं की बोट जाणार, आणि माणसं हलत्या बोटीवरून हलत्या बोयावर पाय टाकणार. तेवढ्या वेळात तरी समुद्रानं शहाण्यासारखं वागायला हवं. त्या वेळेला आमच्या धंद्यात ‘विंडो’ म्हणतात. ती शोधून काढणं हे माझं काम.

लोक विचारायचे, ग्वाल्हेरात बसून तुम्हाला समुद्र कसा कळतो? मी म्हणायची, मुंबईत बसून तरी कुठे दिसत होता? पुण्याला हवामानशास्त्र शिकले, मुंबईच्या ऑफिसात बरीच वर्षं हेच केलं, तिथेही समोर भिंत आणि स्क्रीनच होता. पुढे आईचे गुडघे गेले, ती एकटी, म्हणून कॉम्प्युटर उचलला आणि घरी आले. लग्नाबिग्नाच्या भानगडीत मी पडले नव्हते, त्यामुळे कुणाला विचारायचं नव्हतं. उधाण कधी येणार ते तर आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवरच कळायचं. अमावास्या, पौर्णिमा, आणि त्यांच्या मागून येणारा एखाददुसरा दिवस. आईच्या उपासांच्या खुणा आणि माझ्या भरतीच्या खुणा एकाच कागदावर असायच्या.

आईला मात्र माझं काम मुळीच पसंत नव्हतं. आमच्याकडे घरातून निघालेल्या माणसाला टोकत नाहीत. कुठे चाललास विचारायचं नाही, मागून हाक मारायची नाही, आणि ‘जाऊ नकोस’ हे तर जिभेवर आणायचंच नाही. हातावर दही-साखर घालायची, ‘ये’ म्हणायचं, बस. आणि इथे मी रोज सकाळी फोनवर घसा ताणून सांगतेय, आज नका जाऊ, भाई, मान जाओ. आई दारात उभी राहून ऐकायची आणि फोन ठेवला की सुरू. कुणाकुणाच्या लेकरांना रोज टोकून राहिलीस, हे काही बरं नाही. मी म्हणायची, अगं, माझी नोकरीच ती आहे.

त्यावर तिच्याकडे उतारा होता. कुणी चुकून टोकलंच, तर निघालेल्या माणसानं परत आत यावं, खाली बसावं, पाणी प्यावं, जीव निवला की मग निघावं. माझे बोटवाले काही नया बाजारात येऊन आमच्या बैठकीत बसणार नव्हते, म्हणून त्यांच्या वतीनं ती देवापुढे पाण्याचा गडू भरून ठेवायची. मला वैताग यायचा. माझं तोंड आधीपासूनच फटकळ. एकदा म्हटलं, आई, लाटेला तुझ्या गडूशी काही देणंघेणं नाही. ती म्हणाली, लाटेसाठी ठेवलाच नाही मुळी.

या नियमात तिनं आयुष्यभर सूट घेतली नाही. बाबा गेले त्या सकाळीसुद्धा नाही. बाबा बँकेत होते आणि त्यांची शाखा शहराबाहेर. वाटेत एक रपटा लागायचा, म्हणजे पावसाळ्यात ज्याच्यावरून पाणी वाहतं असा बुटका पूल. आदल्या रात्रीपासून पाऊस कोसळत होता. बाबांनी सकाळी स्कूटर काढली, आईनं हातावर दही घातलं, ‘या’ म्हणाली, आणि ते निघाले. रपट्यावर पाणी होतं. त्यांना वाटलं असेल, निघून जाईल स्कूटर. मी तेव्हा पुण्याला पावसाचीच गणितं शिकत होते. पुढे आम्ही दोघी त्या सकाळबद्दल फारसं कधी बोललो नाही. मला राग मात्र खूप होता. पावसाचा, बाबांचा, की त्या दह्याचा, ते आजही मला नीट सांगता येणार नाही.

मग आमची कंपनी एका मोठ्या कंपनीत विलीन झाली. आमच्या घरात विलीनीकरण हा शब्द जरा जपूनच घेतात. संस्थान गेलं, मध्य भारत आला, मग तोही गेला आणि राजधानी भोपाळला. आईचे वडील दरबारच्या महसुली खात्यातले. त्यांच्या कचेरीची कपाटं ट्रकांत चढून भोपाळला रवाना झाली आणि आजोबा रिकाम्या खोलीत खुर्ची टाकून हुकुमाची वाट बघत बसले. आई तेव्हा लहान होती, त्यांचा डबा घेऊन जायची. कपाटं आधी जातात, माणसाचं मागाहून ठरतं, हे तिचं तेव्हापासूनचं वाक्य. माझ्या कंपनीची बातमी ऐकून तिनं एवढंच विचारलं, तुझं कपाट कुठे जाऊन राहिलंय?

माझं कपाट दक्षिणेतल्या एका शहरात निघालं होतं. तिथे नवं केंद्र झालं, सगळ्या किनाऱ्यांचे अंदाज तिथूनच निघणार. त्यांचा एक बोर्ड होता, कॉम्प्युटरवरचा. तो हिरवा असेल तर बोट जाणार, पिवळा असेल तर थांबणार, लाल असेल तर दोर बांधून घरी. आखाताचं पाणी मला ठाऊक म्हणून मला तूर्तास ठेवलं होतं, पण नियम नवे. अंदाज करणाऱ्यानं फक्त आकडे द्यायचे, सल्ला द्यायचा नाही. बोटीला परस्पर फोन करायचा नाही. नवे साहेब हे इतकं गोड आवाजात सांगायचे की भांडायलाही सोय नव्हती. म्हणाले, मॅडम, तुम्ही फार पर्सनली घेता. मी म्हटलं, साहेब, बुडणारा माणूसही पर्सनलीच बुडतो. वारा पाहून पाठ द्यावी म्हणतात. माझी उभी हयात वाऱ्याच्या नोकरीत गेली, पण तेवढं काही मला जमलं नाही.

याच सुमारास मी एक उद्योग करून ठेवला. माझी शाळेतली मैत्रीण इथेच ग्वाल्हेरात, हजीऱ्याला राहते. तिच्या सासरचे पूर्वी फौजेतले, आता नवऱ्याचं इन्व्हर्टर-बॅटरीचं दुकान. त्यांची मुलगी इलेक्ट्रॉनिक्स शिकली आणि नोकरी मिळेना म्हणून दुकानात बसून लोकांचे इन्व्हर्टर उघडायला लागली. हात असा की बंद पडलेली वस्तू तिच्यासमोर ठेवायची खोटी, की ती चालू. मला मावशी म्हणते, माझ्या आईला आजी, आणि वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवते. बोयावरच्या यंत्रांसाठी कंपनीला माणूस हवा होता, मी तिचं नाव सुचवलं. तिला घेतलं. म्हणजे त्या पोरीला समुद्रावर धाडणारी मीच.

ती गेली त्या दिवसाचं सांगायलाच हवं. गाडी पकडायला पडावला, स्टेशनवर जायचं, पण आधी आजीच्या हातचं दही खायला ती आमच्याकडे आली. दही खाल्लं, पाया पडली, जिना उतरून ऑटोत बसली. आणि आम्ही बघतो तो तिचं नवंकोरं हेल्मेट सोफ्यावर. मी खिडकीकडे धावले तर आईनं माझा दंडच धरला. मागून हाक मारायची नाही. मैत्रीणही तिथेच होती, तिची सख्खी आई, पण तीही तोंडावर पदर धरून उभी. ऑटो हलला. मग काय, आम्ही दुसरा ऑटो केला आणि दोघी मैत्रिणी ते हेल्मेट मांडीवर घेऊन पडावपर्यंत त्या ऑटोच्या मागे. फोन करावा तर तेही मागून बोलावल्यासारखंच, असं मैत्रिणीचं म्हणणं. स्टेशनवर पोरीनं आम्हाला बघितलं आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, तुम लोग पागल हो क्या, खिडकीतून ओरडायचं ना. पण तीही त्याच घरातली. गाडी सुटताना आपल्या आईकडे वळून तिनं ‘जाते’ म्हटलं नाही, ‘येते’च म्हणाली.

पुढचं सगळं मे महिन्यातलं. इथे लू, म्हणजे तो भाजून काढणारा वारा, चालू होती, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. तिकडे बोयाचं खालचं यंत्र मुकं झालं होतं. लाटा किती, प्रवाह किती, काहीच कळेना. पावसाळा लागला की बोटी बंद, म्हणून त्याआधी दुरुस्ती व्हायलाच हवी होती. ती करायला जाणार होती आमची पोर. तिची बोयावरची पहिली खेप.

त्या दिवशी सकाळी मी कॅलेंडर पाहिलं. अमावास्या काल झालेली. म्हणजे उधाणाची ओहोटी, आखातातलं पाणी सगळ्या जोरानं बाहेर समुद्राकडे ओढलं जाणार. आणि वारा नैर्ऋत्येचा, समुद्रावरून आत येणारा, पहाटेपासून चढत चाललेला. दोघांची समोरासमोर गाठ पडली की लाटेची उंची फारशी वाढत नाही, पण लाटा आखूड होतात, खड्या होतात, एकीच्या पाठीवर दुसरी येते. जिना उतरता उतरता पायऱ्या एकदम अरुंद आणि उभ्या व्हाव्यात, तशी गत. बोटीला पाऊल टेकायलाच जागा राहत नाही. बोर्ड मात्र फक्त उंची बघायचा, आणि तीसुद्धा मैलोन्‌मैलांची सरासरी. दीड मीटरच्या आत होती. बोर्ड हिरवागार. खरं काय ते सांगू शकला असता तो बोया, आणि तोच तर बिघडलेला.

मी केंद्राला लिहिलं. उत्तर आलं, नोंद घेतली. साहेबांना फोन केला, ते गोड आवाजात म्हणाले की नोंद घेतली आहे. धक्क्यावरच्या मॅनेजरला फोन केला, नियम गेला खड्ड्यात म्हटलं. तो बिचारा म्हणाला, मॅडम, बोर्ड हिरवा आहे, मी थांबवलं तर उत्तर मला द्यावं लागेल. मी फोन ठेवला आणि खोलीत येरझारा घालायला लागले. बाहेरच्या खोलीत आई कूलरसमोर बसून साखरांब्यासाठी कैऱ्या किसत होती. तिला सगळं ऐकू जात होतं.

तेवढ्यात पोरीचाच फोन आला. ऑफिसचा नाही, घरचा. निघताना आजीचा आशीर्वाद हवा होता. मागे बोटीचं इंजिन धडधडत होतं. मी तिला काय सांगायचं ते सगळं सांगितलं. ओहोटी सांगितली, वारा सांगितला, खड्या लाटा सांगितल्या, आवाज चढवून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि समजावल्यासारखं म्हणाली, मावशी, तू तो रोज यही बोलती है. सगळे जण बसलेत बोटीत, बोर्ड हिरवा आहे. पहिल्याच खेपेला मी नाही म्हटलं तर म्हणतील, बाई डरली.

रोज टोकणारीच्या टोकण्याला काय किंमत? मला इतकी भीती कधी वाटली नव्हती, आणि मी तिथे फोन हातात धरून नुसती उभी होते. ती म्हणाली, आजीला दे ना, निघते मी.

आई किसणी खाली ठेवून, पदराला हात पुसत, भिंतीला धरत धरत आलीच होती. तिनं माझ्या हातातून फोन घेतला. मला वाटलं, झालं, आता ही ‘ये’ म्हणणार. आई म्हणाली, “बाळ, आज जाऊ नकोस.”

मग पोरीनं हळूच विचारलं, आजी, तू बोललीस?

“मी बोलले. मी टोकलंय तुला. आता वर ये, खाली बस, पाणी पी. मग बघू.”

एवढं बोलून तिनं फोन माझ्या हातात दिला आणि पुन्हा कैऱ्यांपाशी जाऊन बसली.

पुढे काय झालं ते मला पोरीनंच नंतर सांगितलं. ती बोटीत उभी राहिली आणि म्हणाली, मला घरून टोकलंय, मला थोडा वेळ वर जाऊन बसावं लागेल. एक-दोघे हसले. बोट हाकणारा तांडेल हसला नाही. कुणी टोकलं, त्यानं विचारलं. आजीनं, ती म्हणाली. आजी नेहमी टोकते का? कधीच नाही, ही म्हणाली. तांडेलानं इंजिन बंद केलं. त्यांच्यातही तेच. टोकलेली बोट लगेच बंदर सोडत नाही, मग बोर्ड हिरवा असो की गुलाबी. मॅनेजरनं थोडी कुरकुर केली, पण तांडेलानं चहा मागवला, आणि सगळे धक्क्यावर मांडी घालून बसले. आमची पोर आधी पाणी प्यायली.

चहा होईपर्यंत ओहोटीनं जोर धरला. तिनं मला धक्क्यावरून व्हिडिओ पाठवला. खाडीच्या तोंडाबाहेर पाणी पांढरं होऊन उभं राहिलं होतं. त्यांच्या आधी निघालेली दुसऱ्या कुणाची तरी छोटी बोट तेवढ्यात परत आली. आत पाणी भरलेलं, माणसं चिंब, एक जण मनगट दुसऱ्या हातात धरून बसलेला. व्हिडिओखाली तिनं लिहिलं होतं, मावशी, बोर्ड हरा था ना? बोर्ड अजूनही हिरवाच होता. दुपारी तो पिवळा झाला, तोवर भरती लागून समुद्र निवायला लागला होता.

अष्टमीच्या सुमाराला, पाण्याची ओढ मंदावल्यावर, ती बोयावर गेली आणि यंत्र बोलतं करून आली. त्या सकाळी तिनं फोन केला तेव्हा आई ‘ये’ म्हणाली. साहेबांचं पत्र मला आलंच, बोटीला सल्ला कोणी दिला म्हणून. मी लिहिलं, कुणीच नाही, घरगुती बाब होती. ते खोटं नव्हतं. वर्षअखेरीला माझं कपाटही दक्षिणेला गेलं, आणि मी खुर्ची टाकून हुकुमाची वाट न बघता कॉम्प्युटर बंद केला.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. व्हिडिओ बघून माझा जीव भांड्यात पडला आणि मला एकदम चेव आला. मी बाहेरच्या खोलीत गेले, आईसमोर फतकल मारून बसले आणि तिला चिडवायला लागले. काय गं, एवढा तुझा नियम, आणि मोडलास की नाही? आयुष्यात पहिल्यांदा कुणाला टोकलंस ना?

आईनं मान वर केली नाही. ती कैरी किसत राहिली.

“दुसऱ्यांदा असायला हवं होतं,” ती म्हणाली.

ती सावकाश सांगत होती, कैरीकडे बघत. त्या रात्री पन्हाळीचा आवाज थांबलाच नव्हता. सकाळी तुझे बाबा चपला घालून उभे होते, आणि माझ्या अगदी ओठावर आलं होतं, नका जाऊ. पण टोकायचं नाही ना. मी दही दिलं.

“टोकलं असतं तर आत आले असते,” ती म्हणाली. “बसले असते, पाणी प्याले असते. तेवढ्यात ओसरलं असतं गं रपट्यावरचं.”

मला रडू आवरेना. इतकी वर्षं मी त्या गडूवरून तिला टोचून बोलत होते, आणि तो रोज कुणासाठी भरला जात होता ते मला तेव्हा कळलं. ती म्हणाली, उठ, कूलरमधलं पाणी संपलंय. मी उठून पाणी घातलं, मग तिच्या हातातली किसणी घेतली आणि उरलेल्या कैऱ्या मी किसल्या.